जुन्या तांदळाचा ड्रम

माझ्यानं एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवतानासुद्धा मी फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत येरझाऱ्या घालते, आणि वहीतून मान वर न करता, नुसत्या चपलांच्या आवाजावरून मुलींना कळतं मी कुठं आहे ते. मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणायच्या, "या मॅडमच्या पायाले भिंगरी हाय. जेवाले बसली तं ताट घेऊनच फिरन." सगळे हसायचे, मीही हसायचे. पण त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून या घाईची मला भीती वाटू लागली आहे. ती गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही.

आमचं कॉलेज गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. मी तिथंच शिकले आणि तिथंच वनस्पतीशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घ्याल तितकंच मानधन, आणि तेही वरून मंजुरी आली तर. मंजुरी कधी दिवाळीत येते, कधी पार मार्चमध्ये, मोहफुलं पडायला लागल्यावर. मधले महिने वर्ग चालू राहावेत म्हणून माजी विद्यार्थ्यांचं मंडळ आम्हा तिघा-चौघांना घरखर्चापुरतं देतं. ही कल्पना मार्कंड्याजवळच्या एका शेतकऱ्याची. तो कॉलेजात माझ्या पाच-सहा वर्षं पुढं होता. त्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो. सभेत तो उठून एवढंच बोलला होता, "पोरीइले जेवाले देऊन राह्यलो, तं शिकवणाऱ्याइनं उपाशी राहाव का जी?" टाळ्या पडल्या होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते. आपल्याच कॉलेजात शिकलेल्यांच्या हातून घ्यायचं, त्याची लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

आमचे माजी विद्यार्थी म्हणजे काही परदेशात बंगले बांधलेली माणसं नाहीत. कुणी तलाठी आहे, कुणी नर्स, कुणी वनरक्षक. एकजण मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. तो दर उन्हाळ्यात दोन दिवस सुट्टी काढून आमच्या मुलांना झाडं ओळखायला जंगलात फिरवतो. आणि बाकीचे बहुतेक शेतकरी. ते तांदूळ देतात. धान निघालं की ज्याला जमेल तो पायलीभर, पोतंभर आणून टाकतो. त्यावर आमची मेस चालते. सरकारी वसतिगृहात ज्यांचा नंबर लागत नाही अशा पंचवीसेक मुली तिथं जेवतात, आणि मागच्या दोन खोल्यांत राहतात. मीही तीन वर्षं तिथंच जेवले. पुढं नोकरीला लागल्यावर मेसची जबाबदारी आपसूक माझ्याकडं आली, कारण मला स्वस्थ बसवत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

मेसच्या कोठीत तांदळाची पोती असायची आणि कोपऱ्यात लाल झाकणाचा एक पत्र्याचा ड्रम. त्यात जुना तांदूळ असायचा. मावशी तो रोज वापरायच्या नाहीत. मी विद्यार्थिनी असतानाही तो तिथंच होता. कधी विचारलं तर मावशी म्हणायच्या, "राहू दे, त्याले हात नको लावू." आम्हाला वाटायचं त्यांनी स्वतःसाठी ठेवला असेल. त्यावरून त्यांच्या मागं आम्ही कुजबुजायचोसुद्धा. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

त्या वर्षी मावशींनी गुडघ्यांमुळं काम सोडलं. बाजारामागं मुलीकडं राहायला गेल्या. नवी बाई यायच्या आत मी कोठी साफ करायला काढली. पदर खोचला, पोती झटकली, जाळी काढली. ड्रम उघडला तर तांदळात सोंडे वळवळत होते. झालं. वर्षभराचा तांदूळ असा कुजत ठेवायचा म्हणजे काय, असं म्हणत मी तो अंगणात उन्हात घातला, निवडून घेतला, आणि दसऱ्यानंतरच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला सगळाच्या सगळा शिजवला. भात मोकळा, दाणा न् दाणा सुटा. लोक मागून मागून जेवले. भाऊ म्हणाला, "मॅडम, असा भात लग्नातबी नाई भेटत." मला फार अभिमान वाटला. ड्रम घासून पालथा घातला आणि त्यावर मी खरकट्या ताटांची रास लावायला सुरुवात केली.

दिवाळीची सुट्टी संपवून मुली आल्या तेव्हा पोत्यांतला जुना तांदूळ तळाला गेला होता. विद्यापीठाची परीक्षा आठ दिवसांवर. मी फोनवर फोन लावले. कुणाचं धान अजून शेतात उभं होतं, कुणाचं कापून पडलेलं. भाऊचं लवकर येणारं हलकं धान निघालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पिकअप घेऊन दारात. गिरणीतून थेट आणलेला नवा तांदूळ, हात लावला तर अजून कोमट. "घरच्यानंबी नाई चाखला अजून," तो म्हणाला. "पयला घास पोरीइले."

मला त्याचं कौतुक वाटलं. मी लगेच भात लावायला सांगितला. मुलींना पंगतीत बसवलं, भाऊच्या हातानं वाढायला लावलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढायला उभी राहिले. फोटो काढताना दिसलं की तीन मुली जेवत नाहीत.

तिघी भामरागडच्या पुढच्या, नदीपलीकडच्या गावांतल्या. त्यातली मोठी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात होती. तिच्या गावातून तिच्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. झाडांची तिला पुस्तकापेक्षा जास्त माहिती. पान चुरगाळून हुंगायची आणि नाव सांगायची, आधी माडियात, मग मराठीत, मग चाचपडत लॅटिनमध्ये. ही पोरगी पदवीधर झालेली मला बघायची होती. अगदी स्वतःसाठी मागावं तसं मी ते मागत होते. तिच्या शेजारी तिची चुलत बहीण, पहिल्या वर्षाची, आणि पलीकडं दुसऱ्या गावची एक. तिघी वरण पीत होत्या. भाताला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"काय झालं? बरं नाही का?" मी विचारलं.

तिघी ताटाकडं बघत राहिल्या. भाऊ भाताचं घमेलं घेऊन तसाच उभा. मला त्याच्या चेहऱ्याकडं बघवेना. याच माणसानं सभेत उठून माझ्या चुलीची काळजी केली होती, आणि माझ्या मुली त्याच्या देखत त्याचा भात बाजूला सारत होत्या.

"लोक घरात चाखायच्या आधी तुम्हाला आणून देतात," मी म्हणाले, चांगलं मोठ्यानं, "आणि तुम्ही अन्नाला नाव ठेवता? एवढा माज?"

मोठीनं एकदा वर बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिनं भाऊकडं बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी पुढच्या ताटाकडं सरकले. तेवढा वेळ थांबले असते तर. पण नाही थांबले.

पुढचे तीन दिवस त्या तिघी बिस्किटं आणि उकडलेली रताळी खाऊन राहिल्या. मला कळत होतं आणि मी न कळल्यासारखं करत होते. वाटलं, रुसवा आहे, भूक लागली की जाईल. आतून मात्र चैन पडत नव्हतं. मी कारण नसताना मेसमध्ये चकरा मारायचे, पालथ्या ड्रमावरची ताटं उचलून पुन्हा तिथंच ठेवायचे. शनिवारी सकाळी गेले तर खोलीत दोन अंथरुणं गुंडाळून ठेवलेली. मोठी आणि तिची बहीण पहिल्या बसनं गेल्या होत्या. सोमवारी पहिला पेपर.

तिसरी मुलगी उंबऱ्यात बसून होती.

"कुठं गेल्या?" मी ओरडलेच.

"घरी गेल्या, मॅडम. लहानीले चक्कर येऊन राह्यली होती."

"मग जेवायचं ना! भात होता ना समोर?"

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी अडाणीपणा केला आहे. मग हळूच म्हणाली, "नवा हाय ना तो. आमचा पंडुम नाई झाला अजून."

पंडुम म्हणजे त्यांच्याकडचा सण. नवं पीक घरात आलं तरी लगेच खायचं नाही. सगळ्या गावाचं धान निघालं की गावचा गायता, म्हणजे पूजा करणारा म्हातारा, दिवस ठरवतो, नवं धान आधी देवांना आणि पूर्वजांना जातं, मग माणसांना. त्याआधी एका माणसानं जरी खाल्लं तरी दोष सगळ्या गावाला. ते माणूस शंभर कोसांवर कॉलेजात असलं तरी गावातलंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आंब्याचा पंडुम, मोहाचा पंडुम, मी वर्गात शिकवलेलं आहे, टिपणं दिलेली आहेत. पण टिपणातला पंडुम मेसच्या ताटात येऊन बसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी उभ्या उभ्या त्या पालथ्या ड्रमाकडं बघितलं.

तशीच मावशींकडं गेले. त्या खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या.

"मावशी, तो लाल झाकणाचा ड्रम कुणासाठी होता?"

"नदीपल्याडच्या पोरीइसाठी. दुसरं कोणासाठी? नवा तांदूळ येते दिवाळीले, त्याइचा सण होते मंग कवा. मधातल्या दिवसाइत त्याइनं काय खाव?" मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचा हात थांबला. "काऊन? सरला का?"

"मी मेळाव्याला शिजवला."

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"मला सांगायचं नाही का जाताना?" मी म्हणाले. चूक माझी होती तरी आवाज माझाच चढला.

"मले वाटलं तुमाले मालूम आसन," मावशी म्हणाल्या. "तीन साल तुमी त्याइच्याच बाजूले बसून जेवल्या ना."

जेवले होते. तीन नोव्हेंबर त्यांच्या शेजारी बसून जेवले होते. त्यांच्या ताटातला भात वेगळ्या पातेल्यातून येतो, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. माझं जेवण दोन मिनिटांत उरकायचं.

आता करायचं काय? तांदूळ हवा होता, जुना, आणि जाऊन मुलींना आणायला गाडी हवी होती. दोन्हीसाठी माणूस एकच, भाऊ. आणि त्याला सांगायचं होतं की तुझा पहिला घास चालत नाही. मी फोन हातात घेऊन कॉलेजच्या मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. एकदा नंबर लावला आणि कापला. खरं सांगायचं तर मला तो चिडेल याची भीती नव्हती. वाईट वाटून तो सभेत पुन्हा उठला नाही तर, याची होती. माझे मधले महिने डोळ्यांपुढं आले. तिथं, गोलपोस्टजवळ, मला एकदम कळलं की त्या पोरीनं भाऊकडं बघून मान खाली का घातली. त्या सभेत मी खिडकीबाहेर बघत होते तेव्हा माझंही हेच झालं होतं. घेणाऱ्याला हे नको, ते द्या असं म्हणता येत नाही. आणि मी तिला माजोरडी म्हणाले होते.

लावला फोन. एका दमात सगळं सांगितलं, ड्रमासकट.

 मग भाऊ म्हणाला, "मॅडम, आमच्या घरीबी देवाले दाखवल्याबिगर नवं नाई खात. मायनं त्या दिवशी तेच म्हटलं, देवाआधी पोरीइले कसा नेतं? म्या म्हटलं, पोरी देवासारख्याच." मग म्हणाला, "जुना तं घरी भरून पडला हाय जी. खायले आमी जुनाच ठेवतो. तुमाले जुना कसा द्याव म्हणून नवा आणला. एक डाव इचाराचं तं होतं."

रविवारी उजाडताच तो आला. पिकअपमध्ये जुन्या तांदळाची दोन पोती. एक मेसमध्ये उतरवलं. दुसरं त्यानं राहू दिलं. "रिकाम्या हातानं त्याइच्या घरी जाव का?" म्हणाला. आलापल्ली मागं पडली, सागाची झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आली. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. भाऊ म्हणाला, "मॅडम, गाडी म्या चालवून राह्यलो, पाय तुमचे दबून राह्यले." भामरागडला गाडी ठेवली, डोंग्यानं नदी उतरलो, आणि पुढं पायी. पोतं भाऊच्या डोक्यावर. मला वाट माहीत नव्हती तरी मीच पुढं.

मोठी अंगणात सूप घेऊन धान पाखडत होती. आम्हाला बघून उठली, सूप पाठीमागं धरलं, चोरी करताना सापडावी तशी. नवं धान तिच्या हातातून जात होतं, ढिगानं पडलं होतं, आणि तिच्या घरातल्या कुणी अजून त्यातला दाणा तोंडात टाकला नव्हता. चुलीवर जुन्याची आंबील होती.

मी बोलायची वाक्यं वाटेत तयार केली होती. सगळी विसरले. "मला माफ कर," एवढंच म्हणाले. "ड्रम मी रिकामा केला. मला कळलं नाही. पण तू सांगितलं का नाहीस गं?"

तिनं भाऊकडं बघितलं, मग माझ्याकडं. "भाऊनं हातानं वाढलं ना, मॅडम. नाई कसं म्हणू?"

तिच्या वडिलांना मराठी कमी येत होती. भाऊनं पोतं उतरवून ठेवलं आणि म्हणाला, "मागच्या सालचा हाय." तेवढं त्यांना समजलं. त्यांनी मूठभर हातात घेऊन नखानं दाणा तोडला, बघितला आणि मान हलवली. मग मुलीशी माडियात बोलले. मोठी आत जाऊन पिशवी भरायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं पेपर दिला, पुढचेही दिले, आणि उन्हाळ्यात ती पदवीधर झाली.

इथं मी थांबले असते तर ही चांगली गोष्ट झाली असती. पण तिची चुलत बहीण आली नाही. ती कुडाला टेकून उभी होती. मी तिला तीनदा म्हटलं, चल. तिची आई म्हणाली, पुढच्या साली पाठवतो. मला परत जायची घाई होती, नदी उतरायची होती, मोठीचा पेपर गाठायचा होता. मी तिथं बसले नाही. एक भांडं आंबील पिऊन, आईशी दोन तास बोलून बघितलं असतं तर काय झालं असतं, माहीत नाही. पुढच्या साली ती गावातल्या बायकांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली. त्याच्या पुढच्या सालीही.

लाल झाकणाचा ड्रम मी जागेवर ठेवला आहे. त्यात काय आहे आणि कुणासाठी, ते झाकणावर रंगानं लिहिलं आहे, नवीन बाईला तोंडीही सांगितलं आहे, आणि दर जूनमध्ये मी मुलींना एकेकीला विचारते, तुमच्याकडं काय चालतं, काय चालत नाही. सुरुवातीला त्या "सगळं चालते मॅडम" म्हणतात. मग मी थांबते. थांबायला मला फार कष्ट पडतात, पण थांबते. मंडळाकडून माझे मधल्या महिन्यांचे पैसे अजूनही चालू आहेत. मंजुरी अजूनही मोहफुलांना येते.

मागच्या मेळाव्याला मोठी आली होती. ती आता वन विभागाच्या रोपवाटिकेत रोजावर आहे. माजी विद्यार्थिनी म्हणून पहिल्यांदाच आलेली, नवी साडी, केसांत पिवळं फूल. मी भाजीकडं धावत होते, पाण्याकडं धावत होते. तिनं मला हात धरून कोठीच्या दाराशी नेलं. तिथं एक पिशवी ठेवली होती, तोंड पळसाच्या वाखानं बांधलेलं.

"ड्रमात टाकाले आणला," ती म्हणाली. "माहा नाई हाय. बहिणीनं देल्ला. मिरचीच्या मजुरीतून तांदळाचं पोतं घेतलं होतं तिनं, त्यातला काढून वर्षभर ठेवला."

त्या मुलीचं नाव आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नाही. पाच महिने ती आमच्याकडं होती, एकही परीक्षा न देता गेली.  मी वाख सोडून हात आत घातला. कोरडा, पिवळसर, जुना दाणा. एकही सोंडा नव्हता.

"तिनं इचाराले सांगितलं हाय," मोठी म्हणाली, "मॅडमले चालन का म्हणून."

बाहेर पंगत वाढायची होती, कुणीतरी मला हाका मारत होतं. मी पिशवी मांडीवर घेऊन कोठीच्या पायरीवर बसले.